मोहाखालचे पाच दगड

साल दोन हजार बावीस. मला बहात्तर पुरी होऊन त्र्याहत्तरावं लागलं होतं. शाळा माझी तिसरीपर्यंत, तीही धड नाही. अक्षर वाकडं येतं, पण जे लिहितो ते माझ्या हातानं. नातीनं तिची अर्धी भरलेली वही दिली आहे. पुढच्या पानांवर तिचं इंग्रजी, मागून माझं मराठी.

आमचं मूळ गाव औशाकडचं, लातूर जिल्ह्यातलं. राहतो मात्र नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, किनवट आणि माहूरच्या मधल्या डोंगरात. देवीला जाणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरून वर चढतात. इथं मी एकविसाव्या वर्षी आलो. मामानं इकडं जमिनीचा कागद करून दिला होता. जमीन आधी कोणाची होती, कागद कसा झाला, हे मी विचारलं नाही. मामा म्हणाला, रान पडीक आहे, कोणाचं नाही, फोडील त्याचं. मी म्हणालो, मी फोडतो. लग्नाला वर्ष झालं होतं. बायकोला विचारलं नाही. विचारायचा दस्तुरच नव्हता. गाडी जुंपली तेव्हा तिला कळलं, की माहेर आता लई लांब पडणार.

बैलगाडीनं नऊ दिवस लागले. लोह्याला एक बैल लंगडला म्हणून दोन दिवस थांबलो, ते वेगळेच. घरची वाटभर गप्प होती. नांदेडला पुलावरून गोदावरी दिसली तेव्हा पहिल्यांदा बोलली. म्हणाली, एवढं पाणी असताना लोक पुढं कशाला जातात. मी बैलाला चाबूक दाखवला, तिला उत्तर दिलं नाही. तिच्या मांडीवर एक मातीचं मडकं होतं. खाचखळगा आला की ती दोन्ही हातांनी ते उचलून धरायची. नऊ दिवस तिनं ते खाली ठेवलं नाही. तिच्या आईनं आंबिलीसाठी दिलं होतं.

इकडच्या लोकांना आंबील ठाऊक नाही म्हणून सांगतो. आमच्या लातूरकडं वेळा अमावस्या हा सण दिवाळीहून मोठा. थंडीत येतो. त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही, सगळे रानात. ज्वारीच्या कडब्याची कोपी, म्हणजे खोप, उभी करायची, तिच्या आत पाच दगड मांडायचे, चुन्यानं पांढरे करायचे. ते पाच पांडव. ताकात ज्वारीचं पीठ शिजवून केलेली आंबील मडक्यात घालून कर्त्या पुरुषानं डोक्यावरून रानात न्यायची. मग भज्जी म्हणजे शेंगाभाज्यांची मिसळ, बाजरीचे उंडे, खीर. वाटेनं जाणारा कोणीही असो, त्याला हाक मारायची. ओळख लागत नाही. त्या दिवशी कोणी आपल्या बांधावरून उपाशी गेला तर ती इज्जतीची गोष्ट.

इथं आल्यावर पहिल्याच वर्षी मी कोपी उभी केली. पण पांडव कुठले आणायचे? गावाकडचे माझ्या आज्याच्या हातचे होते, ते तिकडंच राहिले. मी डोंगरात हिंडलो. नाल्याच्या पलीकडं चढावर एक दांडगं मोहाचं झाड आहे. त्याच्या बुडाशी आठ-नऊ दगड ओळीनं उभे होते, अर्धे मातीत. एकेक मोठ्या नारळाएवढा. ते कोणी उभे केले, कशाला केले, हे माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, देवानं माझ्यासाठीच काढून ठेवलेत. पहारीनं पाच उपटले, पोत्यात घातले आणि दोन खेपांत खांद्यावर आणले. दगडांना कोपरे होते. डावा खांदा सोलून निघाला. त्याचा वण अजून आहे.

हा वण मी पन्नास वर्षं लोकांना दाखवला. दरसाल वेळा अमावस्येला जेवणं झाली की कोणीतरी म्हणायचंच, आबा, पांडव कसे आणले ते सांगा. मी सदऱ्याची बटणं काढायचो, खांदा उघडा करायचो आणि सांगायचो. रान कसं होतं, वाघाचा माग कसा दिसायचा, दगड कसे उपटले. आता शे-दीडशे पान उठतं माझ्या रानात. इकडं सगळे कापूस आणि सोयाबीन घेतात. मी अर्धा एकर ज्वारी पेरतो, निव्वळ कोपीच्या कडब्यासाठी. माझा मुलगा विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकला, नांदेडात नोकरीला आहे. तो म्हणतो, कडबा विकत मिळतो. मिळत असंल. माझी कोपी विकतच्या कडब्याची होणार नाही.

आणखी एका गोष्टीचा मला लई अभिमान. नाल्यापलीकडं गोंडांची वस्ती आहे, तिला गुडा म्हणतात. तिथली एक बाई माझ्या घरचीच्याच वयाची. पहिल्या वर्षी मी बांधावर उभा राहून हाका मारल्या तर तीच एकटी आली. कोपीसमोर उभी राहिली, बघत राहिली, काही न खाता निघून गेली. दुसऱ्या वर्षी आली आणि जेवली. तेव्हापासून एक वर्ष चुकलं नाही. सगळ्यांच्या आधी येते, कोपीत बसते आणि आंबिलीची पहिली वाटी आमची घरची तिला देते, माझ्याही आधी. मी लोकांना सांगायचो, बघा, मी कधी भेद केला नाही, गोंडाची बाई माझ्या कोपीत पहिली बसते. तिच्या दारात मात्र मी एकदाही गेलो नव्हतो. नाला ओलांडला की घर. पण काम पडलं नाही.

तर त्या साली दिवाळी झाली आणि नात नांदेडहून आमच्याकडं राहायला आली. पुस्तक लिहायचं होतं तिला. डॉक्टर होणार, पण सुईचा नव्हे, पुस्तकाचा. विषय विचारला तर म्हणाली, अमेरिकेतल्या बायका. मी म्हणालो, इथल्या संपल्या का? ती हसली. माझ्यासारखीच आहे, टोमणा अंगाला लावून घेत नाही.

दुपारी ती आणि तिची आजी अंबाडी निवडत बसायच्या. नात तिकडच्या पुस्तकातल्या गोष्टी मराठीत करून सांगायची. मी ओसरीवर चऱ्हाट वळत बसायचो. लक्ष दोरीत आहे असं दाखवून सगळं ऐकत राहायचो.

ती सांगायची, आजी-पणजीच्याही आधीच्या काळात तिकडची माणसं वसलेला मुलूख सोडून मावळतीकडं निघाली. गाड्यांवर कापडाची छपरं घातलेली, महिनोन् महिने वाट. पुढं नुसतं गवत, झाड म्हणून नाही. मग गवतासकट माती कापून त्याच्या विटा करायच्या आणि घर बांधायचं. पाऊस आला की छतातला चिखल जेवणात. नवऱ्यांनी ठरवायचं आणि बायकांनी सामान बांधायचं. एका बाईनं म्हणे चिनी मातीचा एकुलता एक पेला पिठाच्या पोत्यात खुपसून नेला, फुटू नये म्हणून.

मी दोरी वळता वळता घरचीकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. फळीवरच्या मडक्याकडं बघत होती. त्याचा काठ एका जागी उडाला आहे, पण मडकं तेच.

नात म्हणाली, त्या मुलखात आधीपासून माणसं होती. त्यांची शिकार तिथं, त्यांचे मुडदे तिथं पुरलेले, त्यांचे देव तिथं. कागद झाले, फौज आली, त्यांना मागं रेटलं. पुरुषांनी लिहिलेली पुस्तकं वाचली तर जमीन रिकामी असते, म्हणाली. बायकांच्या रोजनिशा वाचल्या तर दारात कोणीतरी उभं असतं. कोणी भाकरी मागतं, कोणी नुसतं बघतं. घरातली आधी भिते, मग देते, मग कधी त्या दारातलीकडून औषधाची मुळी घेते. नवरा घरी आला की यातलं काही सांगत नाही. एवढंच माझं सगळं पुस्तक आहे, म्हणाली.

मी ओसरीवरून म्हणालो, तिकडचे लोक वंगाळ. आपण कोणाला रेटलं नाही.

घरची म्हणाली, "तुमी चऱ्हाट वळा."

चार-पाच दिवसांनी अशीच एक गोष्ट निघाली. एका नवऱ्यानं टेकडीवरून सपाट दगड आणून बायकोला चूल करून दिली. ते दगड आधीच्या लोकांच्या थडग्यांवरचे होते. बाईला हे मागाहून कळलं. ती जन्मभर त्याच चुलीवर भाजत राहिली, कोणाला बोलली नाही आणि आतून खंगली. नातीचा आवाज बारीक झाला होता सांगताना.

घरचीनं अंबाडीची काडी मोडली आणि विचारलं, "तिनं ते परत न्हेऊन ठिवले न्हाईत?"

"नाही आजी."

"मग कसली बाई ती. शेनाची पाटी नव्हती का तिच्याकडं?"

त्यानंतर दोघी एकमेकींकडं बघून परत अंबाडी निवडायला लागल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी ओसरीवर आलो की आतलं बोलणं थांबायला लागलं. नात सकाळी आजीसंगं नाल्याकडं जायची, दुपारी यायची, आल्या आल्या कॉम्प्युटर उघडून टकाटका लिहायची. आठ दिवस असं चाललं. मग एक दिवस ती माझ्यासमोर येऊन बसली, पाटावर, सरळ.

तिनं मला जे सांगितलं ते थोडक्यात असं. मोहाखालचे ते दगड गुड्यातल्या मेलेल्या माणसांचे होते. माणूस गेलं की त्याच्या नावानं एक दगड उभा करायचा, अशी त्यांची रीत. मी उपटलेल्या पाचांत एक त्या गोंडाच्या बाईच्या आईचा होता. पहिल्या वेळा अमावस्येला ती न जेवता गेली ती त्यासाठी. पुढं नाल्यावर पाणी भरताना तिनं माझ्या घरचीला सांगितलं. हिला तिची बोली येत नव्हती, तिला हिची. हातानं सांगितलं. मग दोघींनी ठरवलं. घरचीनं रोज एक दगड शेणाच्या पाटीत, वर शेण घालून, नाल्यावर न्यायचा. तिथं ती बाई उभी असायची. एक दगड द्यायचा आणि दोघींनी मिळून नाल्यातला तेवढाच एक गोटा निवडायचा. तो पाटीत घालून आणायचा, चुना लावून कोपीत ठेवायचा. पाच दिवसांत पाच गेले, पाच आले. मी रोज तिथंच नांगर धरून होतो. दगड रोज पाचच दिसत होते.

नात म्हणाली, "आबा, आमच्या मॅडम म्हणतात, तुझ्या पुस्तकात सगळं परकं आहे, तुझं स्वतःचं काय? शेवटचा भाग जानेवारीअखेर द्यायचा आहे. तिकडच्या बायकांच्या शेजारी मला आजीची गोष्ट ठेवायची आहे. आजी लिही म्हणते. नाव नाही घालणार कोणाचं. पण इकडं कोणी वाचलं तर ओळखेल. तुम्ही नाही म्हणालात तर नाही लिहिणार."

"बिलकुल न्हाई," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली. उठली, कॉम्प्युटर मिटला, पिशवीत घातला. रडली नाही, हट्ट केला नाही. ते ‘बरं’ मला ठाऊक आहे, ते माझ्याच घरचं आहे. एकदा म्हटलं की परत विचारायचं नाही.

चार दिवस मी कोणाशी बोललो नाही. जेवण वाढलं तर जेवलो. नात दिवसभर बाजेवर पडून तीच तिकडची पुस्तकं उलटीसुलटी करायची, लिहायची नाही. तिचं पाच वर्षांचं काम माझ्या एका शब्दावर अडलं होतं, हे मला दिसत होतं. आणि माझी पन्नास वर्षं तिच्या एका पानावर अडली होती. शे-दीडशे माणसासमोर मी दरसाल खांदा उघडा करतो. त्यांना काय सांगू? बायकोनं मला फसवलं? का मी लोकांचे मुडदे चुन्यानं रंगवायला निघालो होतो? माणूस एकदा नाही म्हणाला की त्याला ते ‘नाही’ टिकवायला लागतं. मी जन्मभर टिकवलं आहे. पण आतून एक किडा लागला होता, की हे खरं कशावरून. बायका दुपारच्या गप्पांत काहीही जोडतात.

पाचव्या दिवशी खुरपं घेऊन रानात गेलो. कोपी अजून उभी करायची होती, दगड आपट्याच्या बुडाशी ठेवलेले असतात. पहिला मांडीवर घेतला आणि खरवडायला लागलो. पन्नास वर्षांचा चुना. एक थर निघावा तर खाली दुसरा, मधे एखादा काव घातल्याचा तांबडा. मांडी पांढरी झाली. शेवटी काळा दगड लागला. गुळगुळीत. पाण्यानं घासलेला, लेकराच्या डोक्यासारखा. ज्यानं माझा खांदा सोलला त्याला धारदार कोपरे होते. मी दुसरा घेतला. तोही गुळगुळीत. तिसरा खरवडला नाही.

तिथंच बसून राहिलो. घरची भाकरी घेऊन आली. मांडीवरचा चुना बघितला, दगड बघितला. पदर सावरून समोर बसली.

मी म्हणालो, "पन्नास वर्सं मला येडं केलंस."

"कुनी केलं? तुमी सांगत होता, मी वाढत होते."

"मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर दिले असते का तुमी दगड?"

मी विचार केला. खोटं बोलायची सवय नाही मला. "न्हाई," म्हणालो.

"मंग." तिनं भाकरी सोडली, ठेचा ठेवला. "आन खांदा तर खराच सोलला होता की. तेवढं खोटं न्हाई."

मला हसू आलं, पण मी ते येऊ दिलं नाही. थोड्या वेळानं विचारलं, पहिल्यांदा ती बाई काय बोलली होती तुला. घरची नाल्याकडं बघत म्हणाली, "तिनं इचारलं, तुझी आई कुटं हाय. मी हात केला, लांब, तिकडं. मंग तिनं आपली दावली." आणि घरचीनं बोट केलं, कोपी जिथं उभी करतो त्या जागेकडं.

भाकरी खाल्ली. उरलेले तीन दगड तसेच ठेवले. घरी आलो, तरी नातीला काही बोललो नाही. पण त्या दिवसापासून मी घरचीकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. अठरा वर्षांची पोर. परका डोंगर, सासू नाही, नणंद नाही, बोली कळत नाही, नवरा असा अडेलतट्टू. डोक्यावर शेणाची पाटी, तिच्यात दुसऱ्याची आई. नाल्यापर्यंत चढ-उतार आहे, मला ठाऊक आहे. मी पोत्यातून दोन खेपा केल्या आणि पन्नास वर्षं सांगितल्या. तिनं पाच केल्या आणि सांगितल्या नाहीत.

वेळा अमावस्या आली. मी कोपी उभी केली, माझ्या ज्वारीच्या कडब्याची. पाचही दगडांना चुना लावला, खरवडलेल्यांना दोनदा. आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन पुढं चाललो, घरची मागं, नात भज्जीचं पातेलं घेऊन तिच्या मागं. नांदेडहून तिच्या मॅडम आल्या होत्या, मुलगा घेऊन आला. गोंडाची बाई आमच्याही आधी येऊन बांधावर बसली होती. घरचीनं पहिली वाटी तिला दिली. मी बघत राहिलो. दरसाल बघतो, पण बघितलं नव्हतं. दोघी बोलत नव्हत्या. एकीनं वाटी दिली, दुसरीनं घेतली, आणि दोघींची नजर एकदा त्या पाच दगडांवरून फिरली, घरातली माणसं आहेत ना सगळी, असं बघावं तशी.

जेवणं झाली. कोणी पान लावत होतं, कोणी बांधावर आडवं झालं होतं. मॅडमनी विचारलं, आबा, हे पांडव कुठले? माझे जुने लोक सरसावून बसले, त्यांना पाठ आहे. माझा हात आपोआप सदऱ्याच्या बटणाकडं गेला. दोन बटणं काढली. नात माझ्याकडं बघत नव्हती, पातेल्यातली भज्जी खरवडत होती. तिला माझं ‘नाही’ ठाऊक होतं, म्हणून ती काही मागत नव्हती.

मी खांदा उघडा केला. म्हणालो, "ह्यो खांदा खरा. पर ह्ये दगड त्ये न्हाईत."

मग सगळं सांगितलं. मोहाखालून मी काय उपटून आणलं, ते कोणाचं होतं, ते परत कसं गेलं, शेणाची पाटी आणि सगळं. म्हणालो, "म्या लोकाची मानसं उचलून आनली, माझ्या बायकूनं ती त्यांच्या घरला पोचवली. आज तुमी ज्यांला हात जोडले त्ये या दोघींनी नाल्यातून निवडल्यात."

मग माझा एक दोस्त आहे, माझ्यासारखाच म्हातारा, तो पान थुंकून म्हणाला, "म्हंजी पन्नास वर्सं आमी नाल्याच्या गोट्याला नारळ फोडला म्हन की."

"पुढल्या साली नको फोडू," मी म्हणालो. "जेवाय ये."

लोक हसले. घरची हसली नाही, तिनं पदर तोंडाला लावला आणि खाली बघितलं. मला आजवर माझ्या खांद्याची घमेंड होती, ती मी नाकारत नाही. पण त्या दिवशी जी छाती फुगली ती वेगळी होती. ही बाई माझी आहे, असं मला सगळ्या रानाला ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. बटणं लावली.

गोंडाची बाई कोपीत बसून आंबील पीत होती. मी बोलत होतो तेव्हाही पीत होती. वाटी रिकामी केली, पुसली, घरचीच्या हातात दिली आणि उठून गेली.

सांजेला कडब्याचा पलिता पेटवून पिकाभोवती फिरवला आणि मग मी नातीला म्हणालो, "लिही." तिला वाटलं मी दुसरंच काही म्हणतोय. परत म्हणालो, "सगळं लिही. कागद घेऊन जा नांदेडला."

तिचे डोळे भरले. पण ती म्हणाली, "आबा, अजून एक राहिलं आहे. ती गोष्ट निम्मी गुड्यातल्या त्या आजींची आहे. मी त्यांना आधीच विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या नाहीत."

"काय म्हनल्या?"

"म्हणाल्या, तुझ्या आजीनं जे केलं ते आमच्या दोघींत मिटलं. पण उपटले त्यानं. त्यानं माझ्या दारात येऊन विचारावं."

हे तिनं मला एवढे दिवस सांगितलं नव्हतं. मी नाही म्हणून बसलो होतो तर सांगून काय उपयोग, असं तिला वाटलं असणार. मीही तिच्या जागी सांगितलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो आणि उरलेली भज्जी डब्यात घेतली. घरची म्हणाली, येऊ का संगं. म्हणालो, नको. नाला ओलांडला. पाणी घोट्याएवढं. पलीकडं चढलो तर बाई दारात दाणे पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं.

"पाटील," ती म्हणाली, "लई वर्सं लागली नाला वलांडायला."

मी डबा तिच्यासमोर ठेवला आणि भुईवर बसलो. तिनं बाज दाखवली, मी बसलो नाही. जे विचारायचं ते विचारलं. माझ्या नातीनं तिच्या आईचं पुस्तकात लिहावं का. जन्मात मी कोणाला इतकं सरळ काही विचारलं नसंल.

ती आत गेली. मला वाटलं पाणी आणायला. ती बाहेर आली तर हातात पहार होती. माझ्या हातात दिली आणि मोहाकडं चालायला लागली. मी मागं मागं. झाडाखाली दगडांची ओळ होती. आधीच्यापेक्षा लई लांब झालेली. मधले पाच मी ओळखले. कोपरे अजून तसेच. त्यातला एक कलला होता.

"ही माझी आई," ती म्हणाली. "आमी दोघी बायका, खोल गेला न्हाई खड्डा. तवापासून कलते. सरळ कर. मंग लिहू दे पोरीला."

मी धोतराचा काचा मारला. दगड हळूच बाजूला काढून आडवा ठेवला, पहारीनं खड्डा वीतभर खोल केला. दोनदा दम लागला, दोनदा थांबलो. दगड उभा केला, ती लांब जाऊन बघायची, इकडं, तिकडं, असं हातानं दाखवायची. सरळ झाला तेव्हा माती लोटली. खुंटा पुरला की पायानं माती दाबायची माझी सवय. पाय उचलला होता. खाली ठेवला, गुडघ्यावर बसलो आणि माती दोन्ही हातांनी दाबली.